हजेरी पूर्ण, पण लक्ष नाही: किडनीच्या पेशंटला जंतुसंसर्गापासून कसं जपायचं

ह्यांच्या रक्ताच्या रिपोर्टात पांढऱ्या पेशी कायम व्यवस्थित असायच्या. कधी ७,२००, कधी ६,८००. त्या आकड्याखाली कुणी रेघ मारलेली मी कधी पाहिली नाही, म्हणून प्रतिकारशक्तीच्या बाजूनं मी निश्चिंत होते. सगळं लक्ष किडनीचं काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिनकडं आणि पोटॅशियमकडं. २०१८च्या नोव्हेंबरात मानेतल्या नळीतून डायलिसिस सुरू झालं. सातव्या आठवड्यात मशीनवर घेतल्यावर अर्ध्या तासात ह्यांना अशी हुडहुडी भरली, की लोखंडी कॉट वाजायला लागली. दोन ब्लँकेटं घातली तरी दात थांबेनात. नळीत वाढलेले जंतू रक्तात शिरले होते. पुढचे अकरा दिवस आम्ही दवाखान्यातच काढले.

त्या मुक्कामात मी डॉक्टरांना विचारलं, पेशी तर पुरेशा आहेत, मग असं कसं झालं? ते म्हणाले, "बाई, तुम्ही शाळेत शिकवलंय ना? हा आकडा म्हणजे हजेरी. मुलं वर्गात आहेत एवढंच कळतं. त्यांचं लक्ष आहे का, ते यातून कळत नाही."

एकतीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत हजेरी घेतली. मला ते एका वाक्यात समजलं. पुढं मी जे जे शिकले ते एका वहीत लिहीत गेले, आणि त्या वहीतलंच इथं देते. ज्यांच्या घरात किडनीचा जुनाट आजार आहे त्यांच्यासाठी हे आहे, डायलिसिस सुरू असो वा नसो. किडनीचं काम जसजसं घटत जातं तसा संसर्गाचा धोका वाढत जातो. डायलिसिसवरच्या लोकांत मृत्यूचं पहिलं कारण हृदयविकार आणि दुसरं जंतुसंसर्ग, हे मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर मी त्या नळीकडं वेगळ्या नजरेनं पाहिलं असतं.

आत नेमकं काय बिघडतं

आपल्या अंगात जन्मापासून एक राखण असते. तिला जंतूची ओळख लागत नाही. परका दिसला की पांढऱ्या पेशी धावतात, त्याला गिळतात आणि आतल्या आत मारतात. किडनी थकली की जी घाण लघवीतून जायची ती रक्तात साठते आणि याच पेशींना मंद करते. जखमेकडं त्या उशिरा पोचतात, जंतू कमी गिळतात, गिळलेला मारायलाही दुबळ्या पडतात. डायलिसिसनं यातली काही घाण निघते, सगळी नाही. शिवाय याच पेशी कारण नसताना सतत चिडलेल्याही असतात, त्यामुळं अंगातला दाह दाखवणारी सीआरपी नावाची तपासणी संसर्ग नसतानाही वाढलेली दिसू शकते. एकाच आकड्यावर विसंबून घाबरायचं नाही आणि निर्धास्तही व्हायचं नाही.

दुसरी गोष्ट मला फार नवलाची वाटली. किडनी स्वतःच एक प्रथिन बनवून लघवीत सोडते, युरोमोड्युलिन. लघवीच्या संसर्गातला नेहमीचा जंतू ई. कोलाय. त्याला बारीक तंतू असतात, त्यांनी तो मूत्रमार्गाला धरून बसतो. हे प्रथिन त्या तंतूंनाच चिकटतं, मग जंतूला धरायला जागा उरत नाही आणि तो लघवीबरोबर वाहून जातो. किडनी खराब झाली की हे प्रथिन कमी होतं, आणि डायलिसिसवर लघवीही कमी होते. ड जीवनसत्त्वाचंही तसंच. ते कामाच्या रूपात आणायचं काम मुख्यतः किडनी करते, आणि पांढऱ्या पेशींना जंतुनाशक प्रथिन बनवायला ते लागतं. म्हणून नुसतं कोवळ्या उन्हात बसून भागत नाही. डॉक्टर देतात ते औषध घ्यावं लागतं.

एवढं कळल्यावर मी एक निर्णय केला. आतली राखण मला घरी बसून धारदार करता येणार नाही. पण जंतू आत यायची दारं मला बंद ठेवता येतील, आणि एखादा आत आलाच तर तो मी लवकर ओळखू शकेन.

मानेतली नळी

सगळ्यांत उघडं दार हेच. नळी थेट मोठ्या शिरेत असते. डायलिसिसची सुई टोचण्यासाठी ऑपरेशन करून हातातली शीर धमनीला जोडतात, तिला फिस्टुला म्हणतात. त्याच्या मानानं नळीतून संसर्ग होण्याचा धोका कितीतरी पटींनी जास्त. म्हणून पहिलं काम म्हणजे ती लवकर निघावी यासाठी मागं लागणं. किडनीचे डॉक्टर "पुढं डायलिसिस लागेल" म्हणाले की त्याच दिवशी विचारा, फिस्टुला कधी करायचा? ऑपरेशननंतर शीर सुईजोगी व्हायला दीडदोन महिने तरी लागतात, कधी जास्तही. आम्ही "बघू, लागेल तेव्हा" म्हणत राहिलो, आणि लागलं तेव्हा नळीशिवाय पर्याय नव्हता. ज्या हाताचा फिस्टुला व्हायचा, बहुतेकांचा डावा, त्या हातातून रक्त काढू द्यायचं नाही, सलाइन लावू द्यायचं नाही. मी ह्यांच्या डाव्या मनगटावर पेनानं "सुई नको" लिहायची. नर्सबाई बदलल्या तरी अक्षरं वाचता येतात.

नळी आहे तोवरचे नियम मी कडक पाळले. अंघोळ कमरेखाली, वर ओल्या पंचानं पुसून घ्यायचं. डोकं धुवायचं तर मागं झुकवून, छातीवर प्लॅस्टिक बांधून. ड्रेसिंग ओलं झालं, सुटलं किंवा घामानं उचललं तर डायलिसिसच्या वाराची वाट बघायची नाही, त्याच दिवशी युनिटमध्ये जाऊन बदलून घ्यायचं. एप्रिल-मेमध्ये सांगलीच्या उकाड्यात हे आठवड्यातून एकदोनदा व्हायचंच. नळीची टोपणं युनिटबाहेर कुणीही उघडायची नाहीत. एकदा बाहेरच्या एका दवाखान्यात रक्त तपासायला "यातूनच घेतो" म्हणाले, मी हात आडवा घातला. नळी जोडताना आणि सोडताना पेशंट आणि सिस्टर दोघांच्याही तोंडावर मास्क हवा, आणि तेवढ्या वेळात बोलणं बंद. नाकात राहणारा स्टॅफिलोकॉकस जंतू इथून तिथं जायला एक श्वास पुरतो. याच कारणासाठी आमच्या डॉक्टरांनी काही दिवस नाकात लावायला म्युपिरोसिनचं मलम दिलं होतं. ते आपल्या मनानं आणून लावू नका, सारखं वापरलं तर जंतू त्याला सरावतात.

फिस्टुला झाल्यावर

निम्मी चिंता मिटते, सगळी नाही. रोज सकाळी उठल्याबरोबर हे फिस्टुलावर बोटं ठेवतात. आत मांजर गुरगुरल्यासारखं लागलं पाहिजे, त्याला थ्रिल म्हणतात. ते थांबलं तर शीर बंद पडतेय, लगेच फोन. त्याच वेळी मी बघते, लाली आहे का, गरम आहे का, खपलीखाली ओल आहे का. मशीनवर जाण्याआधी हात साबणानं कोपरापर्यंत धुवायचा. हे काम पेशंटचं, टेक्निशियनचं नव्हे. औषधानं पुसल्यावर ते वाळू द्यायचं, आणि वाळल्यावर त्या जागेला बोट लावायचं नाही. "शीर दिसतेय का बघू" म्हणून पुन्हा चाचपलं तर पुन्हा पुसायला सांगायचं. नम्रपणे सांगायचं, पण सांगायचंच. सुईची जागा प्रत्येक वेळी थोडी सरकवून घ्यावी. रोज त्याच भोकात सुई घातली तर दुखतं कमी, पण संसर्ग जास्त होतो. आणि खपली नखानं काढायची नाही. ह्यांना ती सवय होती. सहा महिने मी त्या हातावर सुती बाही चढवली तेव्हा ती गेली.

ज्यांचं पोटातून डायलिसिस चालतं त्यांनी एकच गोष्ट डोळ्यांपुढं ठेवावी: बाहेर आलेलं पाणी तांदळाच्या धुवणासारखं गढूळ दिसलं की ती पिशवी न फेकता सोबत घेऊन त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

कातडी, नखं, पाय

किडनीच्या आजारात कातडी कोरडी पडते आणि खाज सुटते. खाजवून ओरखडा उठला की दार उघडलं. नखं आठवड्याला कापायची, सरळ, कोपरे खोल न कापता. अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा साधं पेट्रोलियम जेली लावायचं. वासाचं काही नको. खाज फारच असेल तर रक्तातलं फॉस्फरस तपासून घ्यायचं.

पायांसाठी मी वेगळा वेळ ठेवलाय, रात्री जेवणानंतर दहा मिनिटं. ह्यांना वीस वर्षांचा मधुमेह, तळव्यांना फारसं काही कळत नाही. एकदा चपलेतून आरपार आलेला बाभळीचा काटा दोन दिवस टाचेत होता. ह्यांना पत्ता नाही, आणि भोवती म्हणावी तशी लालीही नव्हती. शाळेत विज्ञानाच्या तासाला मी मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाची गोष्ट सांगायची. १८८२ साली इटलीतल्या मेसिनाला त्यानं तारामाशाच्या पारदर्शक पिल्लांच्या अंगात काटे टोचले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं, तर काट्याभोवती पेशी गोळा झालेल्या. पुढं १९०८चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्याला विभागून मिळालं. तो काटा चिमट्यानं काढताना मला तीच गोष्ट आठवली आणि पोटात कालवलं. ह्यांच्या पेशी उशिरा निघाल्या होत्या. तेव्हापासून चप्पल घालण्याआधी ती उलटी करून आपटायची, घरातसुद्धा अनवाणी नाही, आणि तळवे बघायला मी हातातला आरसा खाली धरते.

पावसाळ्यात चिखल्या. बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून फाटतात, ती बुरशी असते, पण त्या फटीतून जंतू शिरून आख्खा पाय लाल आणि गरम होऊन सुजतो. पाय धुतल्यावर प्रत्येक बेचकी कोरड्या फडक्यानं टिपायची. तेल तळव्याला आणि टाचेला, बेचकीत कधीच नाही.

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या गल्लीत आलं, तेव्हा पाणी वाढायच्या आदल्या रात्रीच मी ह्यांना घेऊन विट्याला नणंदेकडं गेले. लोक म्हणाले, एवढी काय घाई. पण पुराच्या पाण्यात सांडपाणी असतं, उंदरांचं मूत असतं, आणि त्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस नावाचा आजार थेट किडनीवर जातो. त्या पाण्यातून ज्यांना चालावंच लागतं त्यांनी गमबूट घालावेत, बाहेर आल्यावर पाय साबणानं धुवावेत आणि प्रतिबंधक गोळीबद्दल डॉक्टरांना विचारावं.

जखमेवर हळद दाबू नका. हे मी सांगतेय, जिच्या गावात हळदीचा एवढा मोठा बाजार आहे. पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते, आणि पिवळ्या रंगाखाली लाली दिसत नाही. स्वच्छ पाणी, साबण, कोरडी पट्टी, आणि २४ तासांत सुधारली नाही तर डॉक्टर.

तोंड आणि ताट

दात दोन वेळा घासायचे, हिरड्यांतून रक्त येत असेल तर दाताच्या डॉक्टरांकडं जायचं. दाताचं काम डायलिसिसच्या दिवशी नको, त्या दिवशी रक्त पातळ केलेलं असतं.

प्रथिनांबद्दल फार घोळ होतो. डायलिसिसच्या आधीच्या टप्प्यात डाळी, अंडी बेतानं खायला सांगतात. डायलिसिस सुरू झालं की उलट, दर किलो वजनामागं दिवसाला साधारण १ ते १.२ ग्रॅम प्रथिन लागतं, कारण मशीनवरही थोडं निघून जातं. आम्ही तीन महिने जुनंच पथ्य चालवलं. ह्यांचं अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं मुख्य प्रथिन, २.९ पर्यंत उतरलं आणि त्याच काळात नळीचा संसर्ग झाला. आता ५५ किलोला ५५ ते ६६ ग्रॅमचा हिशेब मी करते. तीन अंड्यांचा पांढरा भाग म्हणजे साधारण १० ग्रॅम, वर मुगाचं वरण, आठवड्यातून दोनदा मासे किंवा कोंबडी. तुमचा आकडा तुमच्या आहारतज्ज्ञांकडून घ्या.

कच्चं काही नाही. धारोष्ण दूध नाही, कच्ची मोड आलेली कडधान्यं नाहीत, गाड्यावरचा उसाचा रस नाही (त्यात पोटॅशियमही असतं). आणि "लघवीचा संसर्ग टळायला भरपूर पाणी प्या" हा सल्ला ज्यांना पाण्याचं माप ठरवून दिलंय त्यांच्यासाठी नाही. ते पाणी फुप्फुसात चढतं.

काढ्यांविषयी कळकळीनं सांगते. करोनाच्या काळात गल्लीतल्या तिघींनी गुळवेल आणून दिली. प्रेमानंच दिली. पण त्याच काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या होत्या. काढ्यात किती पोटॅशियम, भस्मात कोणता धातू, हे आपल्याला कळत नाही, आणि निरोगी माणूस जे लघवीतून टाकून देतो ते आपल्या माणसाच्या अंगातच राहतं. आभार मानून मी ती तुळशीच्या कुंडीत लावली.

लसी

जंतूचा चेहरा लक्षात ठेवणारी दुसरीही एक राखण अंगात असते. तिला तो चेहरा आधीच दाखवून ठेवायचा, हा मार्ग मात्र मोकळा आहे, आणि तो जितक्या लवकर धराल तितका चांगला, कारण किडनी जास्त खराब झाल्यावर लसही कमी लागू पडते. न्यूमोनियाची लस डॉक्टरांना विचारून घ्या. काही प्रकारांत आधी एक आणि किमान आठ आठवड्यांनी दुसरी असते, नव्या एका प्रकारात एकच पुरते. फ्लूची लस दर वर्षी, आमच्याकडं पावसाळ्याच्या आधी. फ्लू विषाणूचा असला तरी त्याच्या पाठोपाठ येणारा न्यूमोनिया जंतूंचा असतो. हिपॅटायटिस बी हाही विषाणूच, पण डायलिसिसवर ती लस हवीच, आणि डोस नेहमीच्या दुप्पट, ४० मायक्रोग्रॅम: सुरुवातीला, मग १, २ आणि ६ महिन्यांनी. शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांत टायटर, म्हणजे लसीनं रक्तात किती प्रतिपिंडं तयार झाली ते, तपासायचं, १० च्या वर हवं. ह्यांचं पहिल्या खेपेला ४ आलं. सगळे डोस पुन्हा घेतले, तेव्हा ३८ झालं. तपासलं नसतं तर आम्ही लस घेतली या समाधानात राहिलो असतो.

ताप ओळखायचा कसा

किडनीच्या पेशंटचं अंग मुळात थंड असतं. महिनाभर मी सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहिलं, तर ह्यांचं रोजचं ९६.८ निघालं. म्हणजे ९९ला इतर लोक "कणकण" म्हणतात, पण ह्यांच्यासाठी तो दोन अंशांनी वाढलेला ताप. तुमच्या माणसाचा रोजचा आकडा आजपासून लिहायला घ्या. तो आकडा हाताशी असल्याशिवाय ताप कळत नाही.

आणि ताप आलाच नाही तरी: बोलणं असंबद्ध होणं, श्वास जलद चालणं, बीपी नेहमीपेक्षा खाली जाणं, जेवण अचानक तुटणं, साखर कारण नसताना वर किंवा खाली जाणं. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. नळी असेल आणि हुडहुडी भरली, तर रात्रीचे दोन असले तरी लगेच निघायचं. संध्याकाळचा बारीक ताप, दोन आठवड्यांवर खोकला, मानेत गाठ, वजन उतरणं, यांत क्षयाची तपासणी मागून घ्या. किडनीच्या पेशंटला तो जास्त होतो, आणि पुष्कळदा फुप्फुसाबाहेर होतो.

दवाखान्यात गेल्यावर माझी तीन वाक्यं पाठ आहेत. पहिलं: "किडनीचा पेशंट आहे, औषधाचा डोस तसा द्या." दुसरं: "अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चर घ्या", म्हणजे रक्तातला जंतू वाढवून ओळखायची तपासणी. तिसरं: "वेदनेचं इंजेक्शन नको, पॅरासिटामॉल चालेल." डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन उरलीसुरली किडनीही घालवतात. जेंटामायसिन, अमिकासिन ही किडनीला आणि कानाला इजा करू शकणारी औषधं. कधी ती द्यावी लागतात, पण किडनीच्या डॉक्टरांना फोन करून द्यावीत. त्या पहिल्या खेपेला, हुडहुडीच्या चार दिवस आधी, ह्यांना थोडा ताप होता. घराजवळ दाखवलं, कल्चर न घेता एक इंजेक्शन मिळालं, ताप दबला आणि जंतू आतच राहिले. नंतर कल्चर पाठवलं तेव्हा ते स्पष्ट उगवलं नाही. कोणता जंतू, कोणतं औषध, हे अंदाजानं ठरवावं लागलं, म्हणून अकरा दिवस. अंगात ताप असेल तर लोहाचं इंजेक्शन देण्याआधीही सांगा, ते तेवढ्यापुरतं थांबवतात. आणि अँटिबायोटिक चालू झालं की डायलिसिसच्या दिवशीचा डोस मशीनआधी की नंतर, ते लिहून घ्या. पुष्कळ औषधं मशीन धुऊन काढतं.

लघवीच्या रिपोर्टात जंतू दिसले पण जळजळ नाही, ताप नाही, कळ नाही, तर बहुतेक वेळा औषध लागत नाही. विनाकारण घेतलेलं अँटिबायोटिक पुढच्या खऱ्या आजारात निकामी ठरतं. डॉक्टरांना विचारायला लाजू नका, "हे नक्की लागणार का?"

दारामागच्या खुंटीला आमची एक कापडी पिशवी टांगलेली असते. तिच्यात थर्मामीटर, ताज्या रिपोर्टांची फाइल, चालू औषधांची यादी, लसींचं कार्ड, जुन्या कल्चरचा कागद, दोन मास्क, मोबाइलचा चार्जर, ५०० रुपये आणि २०० मिलीची पाण्याची बाटली. दर महिन्याच्या एक तारखेला मी ती उघडून औषधांची यादी नव्यानं लिहिते.